लोणंद ते वेळापूर, दिंडीबरोबर

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली माउलींची पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. एवढी सलग रजा नोकरदार माणसाला मिळत नाही. म्हणून बरेच जण पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा चालतात आणि घरी परततात. मला मधला टप्पा चालायचा होता. लोणंदच्या पुढे एका दिवसापुरती आलेली शहरी गर्दी ओसरते, रस्त्यावर दिंड्या उरतात, आणि फलटण-माळशिरस तालुक्यांतली शेतं दोन्ही अंगांनी सोबत करतात.

माझी आत्या गंगाखेडकडची, म्हणजे जनाबाईंच्या गावची. तिकडच्या एका दिंडीबरोबर ती वर्षानुवर्षं जाते. तिनेच विणेकरी महाराजांना विचारलं, माझी भिशी भरली आणि फोनवर सांगितलं, "लेकरा, ये. पण दिंडीत ये, बघायला येऊ नको."

भिशी म्हणजे जेवण, तंबू, पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक यांतला आपला वाटा. प्रत्येक दिंडीची रक्कम वेगळी असते आणि ती वारीच्या बऱ्याच आधी ठरते. मधल्या टप्प्यासाठी येणाऱ्यांना सगळ्याच दिंड्या घेत नाहीत. तेव्हा ज्यांना असं जायचं आहे त्यांनी चैत्र-वैशाखातच आपल्या ओळखीतला एखादा माळकरी गाठावा.

लोणंद

लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरचं स्टेशन, त्यामुळे पोचणं सोपं. खरं काम दिंडी शोधण्याचं. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव पालखी मुक्कामाला असते तेव्हा चारी बाजूंनी राहुट्यांनी वेढलेलं असतं. इथे पत्ता विचारायची एकच रीत आहे: दिंडी रथापुढची की रथामागची, आणि तिचा क्रमांक कितवा. रथापुढे 27 दिंड्या, बाकी शेकडो रथामागे. हा क्रम चालताना, मुक्कामाला, ट्रक लावताना, सगळीकडे पाळला जातो. मी आमचा क्रमांक सांगितला तशी पानाच्या टपरीवरच्या मुलाने हात करून दाखवलं, "त्या टाकीच्या मागं, निळ्या कागदाच्या राहुट्या."

या सगळ्या आखणीचं श्रेय हैबतबाबांना जातं. आरफळचे हे गृहस्थ शिंदे सरकारच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पादुका पालखीत घालून सोहळ्याला आजचं रूप दिलं. दिंड्यांचे क्रम, चोपदार, घोडे या व्यवस्थेत लष्करी शिस्त माहीत असलेल्या माणसाचा हात दिसतो. पण ती पाळणारे लोक शिपाई नाहीत, परभणी-नांदेड-जालन्याकडचे शेतकरी आहेत, आणि त्यांच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही.

तंबूत शिरले तेव्हा आत्या तेलाची बाटली घेऊन एका म्हाताऱ्या बाईच्या पोटऱ्या चोळत होती. माझी पिशवी एका कोपऱ्यात ठेवायला सांगितली, पाणी दिलं आणि पुन्हा चोळायला बसली. तंबूत आम्ही सगळ्या बायका. अंथरुणाला अंथरूण लागलेलं. दोराला ओल्या साड्या, तंबूच्या खांबाला एक बोर्ड आणि त्याला आठ-दहा मोबाइल चार्जिंगला लावलेले. त्यातला एक वाजला. शेजारच्या काकूंनी तो उचलला आणि नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारलं, "ओल किती उतरली?"

पलीकडून उत्तर आलं असावं. काकू म्हणाल्या, "चार बोटं? मग पेरू नको. उगवंल अन् वाळून जाईल. थांब दोन दिवस."

वारी आषाढात येते आणि मराठवाड्यात पेरणीही तेव्हाच. ज्यांचं सोयाबीन अजून पिशवीत आहे ती माणसं इथे टाळ घेऊन चालत असतात. पुढे रोज संध्याकाळी मी हेच ऐकलं. ओल किती, तूर टाकली का, शेजाऱ्याने पेरलं का. ज्ञानोबा-तुकारामांच्या जयघोषाइतकाच तो आवाज माझ्या कानात बसला आहे.

लोणंद ते तरडगाव

हा टप्पा छोटा, आठेक किलोमीटरचा, आणि पालखी निघते दुपारी. निघण्याआधी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला राहुट्या उतरवायच्या, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. पहिला कर्णा झाला आणि आमचा तंबू माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. चार पोरांनी खुंट्या उपटल्या, दोघांनी कापडाची घडी केली, बायकांनी वळकट्या आवळल्या. मी माझ्या पिशवीची चेन लावेपर्यंत तिथे नुसतं तुडवलेलं गवत होतं.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. इथे या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ रिकामी, त्यावर माउली बसतात अशी श्रद्धा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. मला टापांचा आवाज आधी आला, मग वाऱ्याचा एक झोत, आणि घोडे पुढे निघून गेलेले. माझ्या पुढच्या काकांनी वाकून रस्त्यावरची धूळ चिमटीत घेतली, कपाळाला लावली, वळून माझ्याही कपाळाला लावली. ओळखदेख नव्हती. "माउली," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मला त्याहून मोठं वाटलं ते संध्याकाळचं दृश्य. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच धरतात आणि तो कल्लोळ थांबतो. इतक्या माणसांचा आवाज एका हाताच्या इशाऱ्यावर बंद होताना मी प्रथमच अनुभवला.

पण एखाद्या दिंडीचे टाळ त्यानंतरही वाजत राहतात. त्याचा अर्थ त्या दिंडीची तक्रार आहे. कोणी जागा अडवली, टँकर आला नाही, क्रम मोडला, काहीही असो. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात, तेव्हा ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात. त्या दिवशी एक चष्मा, एका म्हाताऱ्याची पैशांची पिशवी, एक विळी. पाठोपाठ उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात, आणि मग आरती. रोज रात्री आरतीआधी त्या दिवसाचं भांडण मिटवून टाकायची ही रीत मला फार आवडली.

तरडगाव ते फलटण

आत्याने पहाटे तीनच्या आधी उठवलं. "आत्ता टँकरला गर्दी नाही, चल." बायका आधी आंघोळी उरकतात, अंधार असेपर्यंत. मैदानाच्या कडेला फिरत्या शौचालयांच्या रांगा असतात, त्यांच्याकडेही याच वेळी जावं. चारनंतर रांग लागते. जाणाऱ्या बायकांना माझं सांगणं आहे की गाऊन किंवा परकर, बॅटरी आणि चपला उशाशी ठेवून झोपा. अंधारात ट्रकमध्ये काही शोधता येत नाही.

दिंडीची चाल कळायला मला अर्धा दिवस लागला. पुढे पताका, मग टाळकरी ओळीत, मधे पखवाज, मागे विणेकरी महाराज आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. पाय पखवाजावर पडतात. सकाळी काकडा, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, जोगी, मग गौळणी. संध्याकाळी हरिपाठ. त्या-त्या वाराचे अभंगही ठरलेले. कोणाच्या हातात पुस्तक नाही. माझ्या बाजूच्या मावशींना सही करता येत नव्हती, पण विसाव्याला भिशीच्या वहीवर अंगठा उमटवून आल्या आणि एकही ओळ न अडखळता गौळणी म्हणत राहिल्या.

विणा खांदेपालट होताना जरूर बघा. महाराज थकले की दुसरा माणूस समोर येतो, आधी विण्याच्या पाया पडतो, मग गळ्यात घेतो. ज्याने दिला तो घेणाऱ्याच्या पाया पडतो. घेणारा वयाने नातवासारखा असला तरी. भजन तेवढ्यात थांबत नाही.

सुरवडी, निंभोरे मागे पडली तसा ऊस वाढला. वीर धरणातून निघालेला नीरा उजवा कालवा या भागाला पाणी देतो. ज्यांच्या विहिरी मार्गशीर्षात तळ गाठतात अशी आमची माणसं त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत चालत होती. एका काकांनी बांधावर उभ्या शेतकऱ्याला विचारलं, "किती पाळ्या मिळतात पाण्याच्या?" तो सांगत गेला, हे ऐकत गेले. शेवटी काका म्हणाले, "चांगलं हाय, माउली. तुमचं असंच राहू द्या." त्यात हेवा नव्हता. मी चेहऱ्याकडे मुद्दाम पाहिलं.

हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग 965 आहे. 2021 मध्ये त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रुंद रस्त्याने दिंड्यांना मोकळं चालता येतं हे खरं. पण जुनी वडा-चिंचेची झाडं गेलेल्या पट्ट्यात दुपारचं डांबर पायांना भाजतं, आणि म्हातारी माणसं सावलीसाठी ट्रकच्या आडोशाला बसतात. नवी रोपं लावलेली दिसली. ती जगवायला हवीत, आणि लवकर.

फलटणमध्ये गावकरी दारात रांगोळ्या काढून उभे होते. राममंदिर, नाईक निंबाळकरांचा राजवाडा यांच्यावरून पालखी विमानतळाच्या मैदानावर गेली. धावपट्टीचं ते मैदान राहुट्यांनी टोकापर्यंत भरलं होतं. मैदानात शिरताशिरताच काही तरुण मुलं बसली होती आणि येणाऱ्या वारकऱ्यांचे पाय चोळून देत होती. त्यांच्या शेजारी चांभार काका फुकट चपला शिवत होते. माझ्या चपलेचा तुटायला आलेला पट्टा त्यांनी मी न सांगता ओळखला आणि दोन टाके घातले. पैसे काढले तर म्हणाले, "पंढरीला गेल्यावर आमचाबी नमस्कार सांगा."

पायांविषयी तेवढं लिहून ठेवते. नवी चप्पल किंवा बूट आणू नयेत, निदान दोन महिने वापरलेले असावेत. पावसाळी सँडल बुटांपेक्षा बऱ्या, लवकर वाळतात. रात्री खोबरेल चोळावं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. फोड आला तर त्याची कातडी काढू नये. फिरत्या दवाखान्यात तो स्वच्छ सुईने फोडून पट्टी करून देतात, आणि असे दवाखाने वाटेत भरपूर असतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र फोड आला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

फलटण ते बरड

दिवसभर वारा. ढग खाली आलेले, पण पाऊस नाही, नुसते तुषार. इकडे पर्जन्यछायेत आषाढ असाच असतो. पताका पार आडव्या होत होत्या आणि पताकावाली पोरं दोन्ही हातांनी काठ्या धरून चालत होती.

विडणीला चहा झाला. पिंप्रदच्या पुढे एका वस्तीवर चार चुली मांडलेल्या. सासू-सुना-जावा भाकऱ्या थापत होत्या, अंगणात पोरं पत्रावळी वाटत होती. आत्याने मला तिथे बसवलं. थापणाऱ्या बाईंचे हात मी बराच वेळ बघत होते. पिठाचा गोळा परातीत ठेवायचा, उजव्या पंजाने फिरवत थापायचा, कड तेवढी बोटांनी सारखी करायची, मग अलगद उचलून तव्यावर. वरून पाण्याचा हात. पाणी आटलं की उलटून घ्यायची आणि शेवटी जाळासमोर उभी करायची, तिथे ती टम्म फुगते. एक शेकते तोवर दुसरी थापून तयार. पिठलं पातळसर, लसणाचा ठेचा बाजूला आणि बुक्कीने फोडलेला कांदा. बाई म्हणाल्या, "घरचा एक जण वारीला जातो, बाकीच्यांनी इथं राबायचं. आमची वारी हीच." त्यांचा धाकटा दीर आमच्या पुढच्या दिंडीत होता. तो इथे जेवायला थांबला नव्हता, दिंडी सोडून कसा थांबणार? त्याला त्यांनी लांबूनच हात केला.

वाटेत खायला इतकं मिळतं की घ्यायचं किती हा प्रश्न पडतो. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, बिस्किटं, बुंदी. केळं आणि गरम अन्न घ्यावं. कापून ठेवलेली फळं आणि सरबतं टाळावीत. पाणी आपल्या बाटलीत दिंडीच्या टँकरचं किंवा गाळलेलं, आणि पिशवीत क्षारसंजीवनीची पाकिटं.

बरड ते नातेपुते

धर्मपुरीला सातारा जिल्हा संपतो आणि सोलापूर सुरू होतो. स्वागताचे मांडव, अधिकारी, बँड, सगळं होतं. पालखी तिथल्या पाटबंधारे बंगल्यावर विसावली आणि माणसं कालव्यावर उतरली. बायकांचे धुण्याचे पिळे, पोरांच्या उड्या, काठावर वाळत घातलेली धोतरं. कालव्याला ओढ असते. पोहता येणाऱ्यांनीही एकट्याने उतरू नये, आणि काठावरच्या पायऱ्यांना शेवाळ असतं हे लक्षात ठेवावं.

उजव्या हाताला दूर शंभू महादेवाचे डोंगर दिसत होते. शिंगणापूर फाट्यावर काही जणांनी थांबून तिकडे हात जोडले. हरीला निघालेले लोक हराला नमस्कार करून पुढे गेले.

नातेपुत्याच्या तळावर पोचलो आणि कळलं, आमच्या दिंडीतले एक आजोबा नाहीत. ऐंशीच्या आसपासचे, ऐकू कमी येणारे. कालव्यापर्यंत ते होते, पुढे कोणी पाहिलं नव्हतं. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी एवढ्या गर्दीत फोन लागत नाही. त्यांच्या सुनेने जेवण सोडलं. चार पोरं उलट दिशेने गेली. विणेकरी महाराज शांत होते. "आरतीला चला," म्हणाले.

समाजआरतीला आम्ही सगळे उभे राहिलो. चोप वर गेला. सगळीकडे शांत झालं आणि आमच्याच दिंडीचे टाळ वाजत राहिले. मी टाळ वाजवणाऱ्यांच्या मधेच उभी होते. सगळ्या तळाचं लक्ष आमच्याकडे लागलेलं, आणि ही माणसं मान खाली घालून एकाच ठेक्यात वाजवत होती. चोपदार आले. महाराजांनी कानाशी सांगितलं. टाळ थांबले. पुकारा झाला: आजोबा, पांढरं मुंडासं, हातात काठी, ऐकू येत नाही.

क्षणभरात लांबून, रथापुढच्या बाजूने, एका दिंडीचे टाळ वाजले.

आजोबा तिथे होते. कालव्यावर ते दुसऱ्या दिंडीच्या लोकांमागून चालू लागले होते. त्या लोकांनी त्यांना जेवू घातलं, गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, पण पावसाने शाई पसरून आकडा वाचता येत नव्हता. त्यांनाही हाच भरवसा होता की आरतीला कळेलच. आजोबा आमच्यात परत आले ते राजगिऱ्याचा लाडू हातात घेऊन, सुनेसाठी ठेवलेला. तिने तो घेतला आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी दिंडीने सगळ्यांची ओळखपत्रं नव्याने लिहिली, बॉलपेनने, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली. तुम्हीही तसंच करा. दिंडीचा क्रमांक, रथापुढे की मागे, ट्रकचा नंबर आणि घरचा फोन एका चिठ्ठीवर लिहून अंगावरच्या कपड्यात ठेवा. पिशवीत नको, पिशवी ट्रकमध्ये जाते.

नातेपुते ते माळशिरस

मांडवे ओढ्याचा विसावा झाला आणि सदाशिवनगरच्या मैदानाकडे गर्दी वाढू लागली. माउलींच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण इथे होतं. मधोमध पालखी, तिच्याभोवती दिंड्या, मग अश्वांसाठी सोडलेली गोल वाट आणि बाहेर हजारो माणसं. छायाचित्रं बाहेरून काढतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे घोडेच राहतात. आतून दिसणारं रिंगण वेगळं आहे.

आधी पताकावाले धावतात. मग तुळशी घेतलेल्या बायका, मग विणेकरी. आत्याने सकाळपासून तुळस कोणाला दिली नव्हती. नऊवारीचा काचा घट्ट केला, वृंदावन डोक्यावर नीट बसवलं, एका हाताने धरलं आणि निघाली. तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना ती कठड्याला धरून थांबते. इथे तिच्या मागून धावताना मला दम लागला. तिच्या वृंदावनातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर पडत होतं, तुळशीची पानं ओली झाली होती, आणि ती मोठ्याने "माउली, माउली" म्हणत होती. फेरी पूर्ण झाल्यावर तिने तुळस उतरवली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "आता तू धर, माय. माझी झाली."

मग अश्व सुटले. माउलींच्या रिकाम्या अश्वाने स्वाराच्या अश्वाला गाठलं तेव्हा मैदानभर जो आवाज उठला तो मला शब्दांत मांडता येत नाही. त्यानंतर उडीचा खेळ: टाळकरी आणि पखवाजी पालखीभोवती बसतात, उठतात, एका तालावर उड्या घेतात. बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. आमच्या सही न येणाऱ्या मावशींनी एका पोलीस ताईंचा हात धरून त्यांना ओढलं. ताईंनी टोपी दुसरीकडे दिली आणि दोन गिरक्या घेतल्या.

रिंगण बघायला नुसतं यायचं असेल तरी सकाळी लवकर या, वाहन कित्येक किलोमीटर अलीकडे ठेवावं लागतं. लहान मुलांना अश्वांच्या वाटेच्या कडेला उभं करू नका. आणि अश्व थांबल्यावर टापांखालची माती घ्यायला झुंबड उडते, त्यात म्हाताऱ्यांना सांभाळा.

रात्री माळशिरसला काकूंचा फोन वाजला. गावाकडे चांगला पाऊस झाला होता. "वीतभर?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी तिफण धर." तंबूत सगळ्या जाग्या होत्या. आत्याने गुळाचा खडा काढला आणि अंधारातच सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला.

माळशिरस ते वेळापूर

खुडूसच्या मैदानावर दुसरं गोल रिंगण झालं. तिथे आम्ही कडेलाच बसलो, कारण पुढे धावायचं होतं. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावरून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते तिथून पंढरीच्या दिशेने धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून इथे दिंड्या धावतात, त्याला धावा म्हणतात. त्याआधी टेकाडावर भारूड रंगलं. मग एकेक दिंडी उताराला लागली. पिशव्या छातीशी धरून, मुलं कडेवर घेऊन, म्हाताऱ्यांचे हात दोन्ही बाजूंनी धरून. नातेपुत्याला हरवलेले आजोबाही धावले. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला पताकावाला पोरगा.

वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. तळापासून लांब नाही. यादवकाळातलं हे काम वारीच्या घाईत बहुतेकांचं राहून जातं. संध्याकाळी जाऊन या. आत गारवा असतो आणि शिव-पार्वतीची एकत्र मूर्ती दिव्याच्या उजेडात पाहायला मिळते.

माझी रजा इथे संपत होती. परतणाऱ्यांसाठी सांगते: पालखी पुढे निघून गेल्यावर रस्ता मोकळा व्हायला वेळ लागतो आणि त्या दिवसांत एसटीचे मार्ग बदललेले असतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच वेळापूरच्या स्थानकावर चौकशी करून ठेवावी, आणि त्याच दिवशी पुढचं रेल्वेचं तिकीट काढू नये.

पहाटे ट्रक भरून झाला तेव्हा विणेकरी महाराजांनी भिशीची वही काढली. पुढच्या वर्षी माझं नाव कुठपर्यंत लिहू, त्यांनी विचारलं. मी वेळापूर ते पंढरपूर म्हणाले. आत्या वळकटी बांधता बांधता म्हणाली, "महाराज, आळंदीपासून लिहा. रजेचं मी बघते, हिच्या साहेबांशी बोलते." महाराजांनी आळंदी लिहिलं, खाली रेघ मारली आणि कंसात "वाढपी" लिहिलं. तेवढ्यात दुसरा कर्णा वाजला आणि सगळे रस्त्याकडे निघाले.